सशाच्या ट्रेचा वास अखेर गेला

पावसाळ्यात खिडक्या बंद झाल्या की आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट सशाच्या लघवीच्या ट्रेमधल्या अमोनियाच्या वासाने भरायचा. आमची सशीण कापशी बिचारी स्वच्छ, चूक ट्रेमध्ये काय घालायचं या माझ्या निवडीची. आधी मांजरांसाठीची, गोळा होणारी सुगंधी माती आणली. बेंटोनाइटची ती माती ओली झाली की फुगते, आणि ससा ट्रेमध्ये बसून काहीतरी कुरतडतच असतो. पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं, सशाला उलटीही करता येत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच दिवशी पिशवी बाहेर! मग सुताराकडचा फुकटचा भुसा. त्याच्या धुळीने ती शिंकायला लागली.

जमलं ते भट्टीत वाळवलेल्या लाकडाच्या पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर. तळाला इंचभर थर घालते. लघवी शोषली की गोळ्यांचा भुगा होतो, तो काढून टाकायचा. एका कडेला भरपूर सुकं गवत, कारण ससे खाता खाताच लेंड्या टाकतात. एक दिवसाआड अख्खा ट्रे रिकामा करते. ट्रेच्या तळाला चिकटलेला पांढरा, टणक थर लघवीतल्या कॅल्शियमचा असतो. तो साबणाला दाद देत नाही, पण पांढरं व्हिनेगर अर्धा तास ठेवलं की सुटतो. निम्मा वास तिथूनच येत होता. पाकिटावर ‘सुगंधी’ दिसलं, की आता मी ते परत फळीवर ठेवते.