‘चीप’ म्हणताना जरा जपून: ‘स्वस्त’ला इंग्रजीत काय म्हणाल?

माझी मावशी लेकीकडे डेट्रॉइटला गेली होती. शेजारणीने नवं डायनिंग टेबल बघायला बोलावलं. किंमत ऐकून मावशी मनापासून म्हणाली, “व्हेरी नाइस! व्हेरी चीप!” शेजारणीचा चेहरा उतरला. मावशीला म्हणायचं होतं, ‘अगं, काय स्वस्तात मिळालं तुला!’ शेजारणीने ऐकलं, ‘टेबल हलकं आहे हो.’

सगळी गोची इथेच आहे. मराठीत पैसे कमी लागले तर वस्तू स्वस्त आणि प्रत कमी असेल तर हलकी. स्वस्त साडी हलकी असेलच असं नाही. इंग्रजीने मात्र हे दोन्ही अर्थ ‘चीप’ या एकाच शब्दात कोंबलेत. त्यामुळे दुसऱ्याच्या वस्तूबद्दल, तेही तोंडावर, हा शब्द वापरू नका. ‘यू गॉट अ ग्रेट डील’ म्हणा. त्यात कौतुक वस्तूपेक्षा घेणाऱ्याच्या हुशारीचं होतं, आणि ते कुणालाही आवडतं. स्वतःच्या खरेदीबद्दल ‘आय गॉट इट चीप’ खुशाल म्हणा.

मुळात हा शब्द बदनाम नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता खरेदी-विक्री, सौदा. लंडनमधला ‘चीपसाइड’ हा रस्ता म्हणजे मध्ययुगातली मोठी बाजारपेठ. आजूबाजूच्या ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट या गल्ल्यांची नावंच सांगतात तिथे काय विकलं जायचं ते. कोपनहेगनच्या नावातही हेच मूळ आहे: व्यापाऱ्यांचं बंदर. पूर्वी चांगल्या सौद्याला ‘गुड चीप’ म्हणत. पुढे त्यातलं ‘गुड’ गळून पडलं.

हा शब्द किती महागात पडतो, ते आपल्याकडे टाटा नॅनोने दाखवलं. 2008 साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लाख रुपयांची गाडी म्हणून तिचा गाजावाजा झाला आणि ‘चीपेस्ट कार’ हे बिरुद तिला कायमचं चिकटलं. ते दुर्दैवी ठरलं, असं पुढे खुद्द रतन टाटांनी बोलून दाखवलं. गाडी घेणाऱ्याला पैसे वाचवायचे असतात, पण ‘सर्वांत स्वस्त गाडीवाला’ म्हणवून घ्यायचं नसतं. विमान कंपन्या म्हणूनच स्वतःला ‘लो-कॉस्ट’ किंवा ‘बजेट’ म्हणवतात. बिल्डर ‘अफोर्डेबल’ म्हणतात.

आता एवढं वाचून ‘चीप’ला घाबरू नका. ही उलटी चूकही बरेच जण करतात. ‘टोमॅटोज आर इनएक्स्पेन्सिव्ह टुडे’ हे व्याकरणात बसतं, पण भाजीवाल्याशी प्रमाण मराठीत घासाघीस केल्यासारखं वाटतं. भाजी, तिकीट, पेन, चहा यांना ‘चीप’ अगदी चालतं. ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ ठेवा भेटवस्तू, हॉटेल, कपडे यांच्यासाठी, जिथे किंमत कमी असली तरी दर्जाला धक्का लावायचा नसतो.

‘अफोर्डेबल’ म्हणजे परवडणारं. मग प्रश्न येतो, कुणाला? म्हाडाच्या सोडतीतलं घर परवडणारं असतं, पण त्याला स्वस्त म्हणायला जीभ रेटत नाही. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका.

‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ यांची अदलाबदल तर परीक्षेत हमखास होते. पहिला शब्द अर्थव्यवस्थेचा: इकॉनॉमिक पॉलिसी, इकॉनॉमिक क्रायसिस. दुसरा काटकसरीचा. कमी पेट्रोल पिणारी स्कूटर ‘इकॉनॉमिकल’. तिला ‘इकॉनॉमिक’ म्हणू नका.

‘द प्राइस इज चीप’ ही चूक आपण का करतो, तेही उघड आहे. आपण ‘स्वस्त भावात’, ‘स्वस्त दरात’ म्हणतो ना! नीटस इंग्रजीत वस्तू ‘चीप’ आणि किंमत ‘लो’. महागाचंही तसंच: वस्तू ‘एक्स्पेन्सिव्ह’, किंमत ‘हाय’.

माणसाला लावताना आणखी सांभाळा. आपल्या कट्ट्यावर “किती चीप वागतोस!” म्हणजे छचोरपणा. अमेरिकेत ‘ही इज चीप’ म्हटलं तर ऐकणारा समजेल की हा चिक्कू आहे, बिल आलं की बाथरूमला पळणारा. ब्रिटनमध्ये चिकटपणासाठी ‘मीन’ म्हणतात, आणि अमेरिकेत ‘मीन’ म्हणजे दुष्ट. दोन्ही देशांत चालेल असा शब्द हवा असेल तर ‘स्टिंजी’.

‘प्राइसलेस’ला फुकट किंवा कवडीमोल समजणारेही भेटतात. खरं तर मराठी माणसाने इथे चुकायला नको. अमोल नावाचा मुलगा ‘किंमत नसलेला’ थोडाच असतो? मोल करता येत नाही, इतका मोलाचा! ‘प्राइसलेस’ आणि ‘इनव्हॅल्युएबल’ दोन्ही तसेच. कवडीमोलाला ‘वर्थलेस’, आणि मातीच्या भावात मिळालं तर ‘डर्ट चीप’.

राहता राहिलं आपलं लाडकं ‘चीप अँड बेस्ट’. परदेशात ते ऐकून लोक गोंधळतात, तिथे ‘गुड व्हॅल्यू’ म्हणा. तुळशीबागेत मात्र बिनधास्त वापरा. तिथे दुकानदारच आपल्याआधी म्हणतो.