पूल स्पर्धेत खेळाडूंच्या वेळा जुळवताना: जळगावच्या आयोजकांसाठी तयारीची यादी

ही यादी पूल, म्हणजे टेबलावर क्यूने (लांब काठीने) बॉल खिशात घालायच्या खेळाच्या स्पर्धेसाठी आहे. ३२ खेळाडू, ४ टेबलं, एट-बॉल हा प्रकार, रेस टू ४ (आधी ४ फ्रेम, म्हणजे डाव, घेणारा सामना जिंकतो) आणि शनिवार-रविवार एवढं धरून ती लिहिली आहे. खेळाडू हौशी, म्हणजे नोकरी, दुकान, शेती किंवा कॉलेज सांभाळून येणारे. निम्मे जळगाव शहरातले, बाकी भुसावळ, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबारकडचे. पैसे देऊन खेळणाऱ्याला दिलेली वेळ पाळली जाणं हा त्याचा हक्क आहे, आणि त्याची तयारी पहिला ब्रेक (डावाचा सुरुवातीचा फटका) व्हायच्या दीड महिना आधी सुरू होते.

आधी तारीख. पंचांग उघडा आणि दाट लग्नतिथीचे शनिवार-रविवार खोडून टाका. आपल्याकडे लग्न एक दिवसाचं नसतं, आदल्या संध्याकाळी हळद असते. त्यामुळे रविवारी लग्न असलेला खेळाडू शनिवारी दुपारपासूनच गेला असं समजा. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार कानबाई देवीच्या सणाचा. त्या दिवशी घरोघरी भाऊबंद जमतात, सोमवारी विसर्जन होतं, तेव्हा तो आठवडा सोडाच. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मागे-पुढे सराफ बाजारातला खेळाडू काउंटर सोडून येणार नाही, आणि दिवाळीआधीच्या पंधरवड्यात दुकानवाला कोणीच येणार नाही. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा असते आणि सारंगखेड्याला दत्तजयंतीची. त्या भागातले खेळाडू हवे असतील तर तेही दिवस टाळा. एमपीएससीच्या परीक्षा बहुतेक रविवारीच असतात, त्यामुळे आयोगाचं वेळापत्रक आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं परीक्षांचं वेळापत्रक दोन्ही पाहा. चांगले खेळाडू बाहेरही खेळतात, म्हणून राज्य संघटनेच्या आणि बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडियाच्या स्पर्धांच्या तारखांवर नजर टाका. मे महिना शक्यतो नको. पारा ४४-४५ अंशांवर असताना धुळ्याहून दुपारी दुचाकीवर येऊन लगेच टेबलावर उभं राहणं कोणाच्याच तब्येतीला मानवत नाही.

मग गणित. कागद-पेन घेऊन करा, अंदाजाने नको. हौशी खेळाडूंची एट-बॉलची एक फ्रेम रॅक लावण्यासकट (बॉल पुन्हा मांडण्यासकट) १० ते १२ मिनिटं चालते. रेस टू ४ मध्ये कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त ७ फ्रेम होतात. सात फ्रेमचा सामना ८४ मिनिटांवर जातो, चारचा ४५ मिनिटांत आटोपतो. म्हणून एका सामन्याला ७५ मिनिटांचा स्लॉट धरा. ६० मिनिटं धरली की वेळापत्रक कागदावर देखणं दिसतं आणि दुपारी दोनपर्यंत तासभर मागे पडतं. साध्या नॉकआउटला ३२ खेळाडूंत ३१ सामने होतात, पण ५० किलोमीटरवरून आलेला माणूस एक सामना हरून परत जातो आणि पुढच्या वेळी येत नाही. पूर्ण डबल एलिमिनेशनला (दोनदा हरल्यावरच खेळाडू बाद) ६२ सामने लागतात, शेवटी दोघांचाही एकेक पराभव झाला तर ६३. टेबलं चार असली तरी शेवटच्या फेऱ्या एकामागून एकच खेळाव्या लागतात, त्यामुळे १८ स्लॉट, म्हणजे साडेबावीस तास होतात. दोन दिवसांत ते कोंबता येतात, पण एक फ्रेम रेंगाळली की रविवारची फायनल रात्री अकराला.

त्यामुळे मधला मार्ग घ्या: शेवटच्या १६ पर्यंत डबल एलिमिनेशन, पुढे साधं नॉकआउट. एकूण ५५ सामने. शनिवारी ३२ सामने, म्हणजे ८ स्लॉट, सकाळी १० ते रात्री ८. रविवारी उरलेले २३ सामने ७ स्लॉटमध्ये.

आता या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. शनिवारी पहिली फेरी पूर्ण करून मग दुसरी सुरू करू नका. तसं केलं तर १० वाजता खेळलेल्या माणसाचा दुसरा सामना ३ वाजता येतो, आणि मधल्या चार तासांत तो घरी जातो, दुकानावर जातो, झोपतो, आणि वेळेवर परत येत नाही. त्याऐवजी ड्रॉचे दोन अर्धे करा. वरचा अर्धा, म्हणजे १६ खेळाडू, सकाळच्या सत्रात: १०:०० आणि ११:१५ ला पहिली फेरी, १२:३० आणि १:४५ ला दुसरी. जिंकलेले विनर्स साइडला (अजून न हरलेल्यांच्या गटात), हरलेले लूझर्स साइडला (एकदा हरलेल्यांच्या गटात), दोन्ही तिथेच खेळतात. खालचा अर्धा दुपारच्या सत्रात: ३:०० आणि ४:१५, मग ५:३० आणि ६:४५. प्रत्येक खेळाडूचे दोन सामने नक्की होतात आणि त्याला शनिवारचे फक्त पाच तास द्यावे लागतात. दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्याला आणि शनिवारी अर्धा दिवस दुकान उघडणाऱ्याला एवढं जमतं. शनिवारी आठ जण बाद होतात, २४ रविवारी परततात.

एंट्री फॉर्मवर ‘तुम्ही कधी मोकळे आहात?’ असं विचारू नका. त्याला सगळे ‘कधीही’ लिहितात, कारण आपल्याला घेणार नाहीत अशी भीती असते. विचारायचं ते उलट: ‘शनिवारी कोणत्या सत्राला तुम्ही येऊच शकत नाही?’ त्याखाली चार गोष्टी मागा. कोणत्या गावाहून येणार, कशाने येणार, शनिवारी रात्री परत जाणार की जळगावात मुक्काम, आणि रविवारी सकाळी ९:४५ पासून रात्री ८ पर्यंत मोकळे आहात का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असेल तर एंट्री घेऊ नका आणि तसं फोन करून सांगा. शनिवारी दोन सामने जिंकून रविवारी न येणारा खेळाडू ड्रॉमधल्या दुसऱ्या कोणाची तरी जागा अडवून गेलेला असतो.

कामाचं स्वरूपही विचारा, कारण अडचणीचे प्रकार वेगवेगळे असतात. कारखान्यातली शिफ्ट आठवडाभर आधी कळते. भुसावळचा रेल्वेचा लोको पायलट मात्र कॉलवर असतो, त्याची ड्यूटी कधी लागेल हे तो स्वतःच सांगू शकत नाही. त्याने त्या दोन दिवसांची रजा टाकली आहे का, एवढंच विचारा. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला बाग कापायची तारीख व्यापाऱ्याकडून ऐनवेळी कळते. अशा खेळाडूला दुपारचं सत्र सुचवा, कारण कापणी पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत गाडी भरलेली असते.

दोन्ही सत्रांना १६-१६ जागा, आणि ज्याची फी आधी त्याची पसंती आधी, हे फॉर्मवरच छापा. फी आल्याशिवाय नाव नाही. नुसत्या ‘माझं नाव टाक’वर घेतलेली नावंच शनिवारी गैरहजर असतात. एखादं सत्र भरलं की त्याच दिवशी जाहीर करा. मानांकित चार असतील तर दोन-दोन दोन्ही सत्रांत बसवा. चौघांनीही दुपार मागितली तर फी आधी भरणाऱ्या दोघांना दुपार द्या, बाकी दोघांपुढे सकाळ घ्या किंवा मानांकन सोडा असे दोन पर्याय ठेवा, आणि हे एंट्री बंद व्हायच्या आधी करा.

ड्रॉ काढताना दोन डबे ठेवा, एक सकाळचा आणि एक दुपारचा. ‘कुठलंही चालेल’ म्हणणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांनी आधी दोन्ही डबे समान करा, मग प्रत्येक डब्यातून स्वतंत्र ड्रॉ काढा. एकदा चिठ्ठी निघाली की कोणाच्याही बससाठी, लग्नासाठी किंवा ओळखीसाठी प्रतिस्पर्धी बदलायचा नाही. वेळ त्याच सत्रात एका स्लॉटने मागे-पुढे करता येते, तीही समोरचा हो म्हणाला तर. नावं २४च आली तर आठ बाय (न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश) लागतील. चार-चार दोन्ही सत्रांत द्या, आधी मानांकितांना, मग चिठ्ठीने. उशिरा पोचणाऱ्याची सोय म्हणून बाय देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी दहा जण उशिरा पोचणारे निघतील. सकाळच्या सत्रात पहिला सामना जिंकून दुसरा हरलेले खेळाडू रविवारी लूझर्स साइडला दुपारच्या सत्रातल्यांसमोर टाका आणि उलटही, म्हणजे शनिवारचीच जोडी लगेच पुन्हा समोरासमोर येत नाही.

ड्रॉ गुरुवारी रात्री ८ ला ग्रुपवर टाका. ग्रुपमध्ये फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असं ठेवा, नाहीतर तासाभरात वेळापत्रक दीडशे मेसेजच्या वर जाऊन गायब होतं. हरकती शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत, अंतिम पत्रक रात्री ९ ला, वर ठळक ‘अंतिम’ आणि वेळ. जुनं पत्रक डिलीट करा. दोन पत्रकं फिरत असली की माणूस नेमकं जुनं पाहून येतो. वेळ आकड्यात आणि शब्दांत लिहा: ‘शनिवार, दुपारी १:४५, पावणेदोन’. अंगठ्याची खूण होकार धरू नका. गावाबाहेरच्या प्रत्येकाला शुक्रवारी फोन करा: ‘भाऊ, उद्या सव्वाअकराला तुझा सामना आहे. किती वाजता निघतोस?’ निघायची वेळ सांगणारा माणूस येतो. ‘येतो ना’ एवढंच म्हणणाऱ्याला शनिवारी सकाळी पुन्हा फोन करा. धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे सुमारे ९० किलोमीटर आहे, एसटीने दोन तासांच्या वर धरा. धुळ्याची रेल्वे चाळीसगावला जाते, त्यामुळे धुळेकरांना रस्ताच सोयीचा. नंदुरबार आणि अमळनेर मात्र सुरत-भुसावळ मार्गावर आहेत. तिकडच्या खेळाडूला गाडी जळगावला पोचायच्या वेळेपेक्षा दीड तास पुढचा स्लॉट द्या.

पत्रकात टेबल क्रमांक छापू नका, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. फक्त वेळ छापा. जे टेबल आधी मोकळं होईल त्यावर रांगेतला पुढचा सामना लावा. टेबल ठरवून दिलं की एका टेबलावरचा ४-३ चा सामना मागच्या सगळ्यांना उशीर करतो आणि शेजारचं टेबल रिकामं उभं राहतं. छापलेल्या वेळेआधी सामना सुरू करायचा नाही, दोघांनी स्वतःहून मागितला तर गोष्ट वेगळी. दोन सामन्यांमध्ये खेळाडूला किमान १५ मिनिटं मिळालीच पाहिजेत.

उशिराचा नियम आंतरराष्ट्रीय नियमावलीतलाच घ्या: ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटं, त्यानंतर सामना गेला. पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुकारा करा, आणि एक मिनिट उरलं असताना शेवटचा. घड्याळ एकच, भिंतीवरचं, सगळ्यांना दिसेल असं. ‘गेटपर्यंत आलोय’ म्हणजे टेबलाशी हजर नव्हे. यात एक खाच आहे. पहिल्या फेरीत न आलेला खेळाडू आपोआप लूझर्स साइडला जातो, तिथेही येत नाही, आणि पुन्हा १५ मिनिटं वाया जातात. म्हणून न कळवता गैरहजर राहिलेल्याला दोन्ही बाजूंनी बाद करा. कळवून उशीर झालेल्याला, उदाहरणार्थ महामार्गावर अडकल्याला, लूझर्स साइडचा सामना द्या. सामना ६० मिनिटांच्या पुढे गेला तर शॉट क्लॉक (प्रत्येक फटक्याला वेळेची मर्यादा) लावा: ३५ सेकंद, १० उरले की सूचना, प्रत्येक फ्रेमला २५ सेकंदांची एक वाढ. स्कोअर पाहून सामना मध्येच थांबवणं मात्र कधीही करू नका.

राखीव चार खेळाडू ठेवा, सगळे जळगाव शहरातले, अर्ध्या तासात क्यू घेऊन पोचतील असे. दोघं सकाळसाठी, दोघं दुपारसाठी. राखीव खेळाडू फक्त पहिल्या फेरीत आत येऊ शकतो. त्यांच्याकडून फी आधी घेऊ नका.

डबल्स किंवा नाइन-बॉल त्याच शनिवार-रविवारी घ्यायचा मोह टाळा. डबल्सच्या एका सामन्याला चार माणसं एकाच वेळी मोकळी लागतात, आणि त्यातले दोघं नेमके लूझर्स साइडला अडकलेले असतात. घ्यायचंच असेल तर पुढच्या रविवारी. पार्लरचा मार्कर (स्कोअर मांडणारा माणूस) स्पर्धेत खेळत असेल तर त्या दिवशी मार्किंगला दुसरा माणूस हवा.

पार्लरमालकाशी टेबलांचं लेखी ठरवा. चारही टेबलं दोन्ही दिवस सकाळी ९ पासून, आणि पाचवं असेल तर ते सरावाला. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आठवडाभर आधी पाटी लावून सांगा. महावितरणच्या कार्यालयात त्या दोन दिवसांच्या नियोजित बंदची चौकशी करा आणि टेबलांवरचे दिवे इन्व्हर्टरवर चालतात का ते प्रत्यक्ष लावून बघा. वीज गेली की घड्याळ थांबवा, आली की पाच मिनिटं देऊन सुरू करा.

शनिवारी रात्री ८:३० ला रविवारचं पत्रक टाका. लूझर्स साइडचे आठ सामने १०:०० आणि ११:१५ ला. दोन्ही सामने जिंकलेल्या आठ जणांनी १२:४५ ला हजर व्हायचं, म्हणजे नंदुरबारचा खेळाडूही घरी झोपून सकाळी येऊ शकतो. अर्धा तास जेवण, १:०० आणि २:१५ ला शेवटचे १६, ३:३० ला क्वार्टर फायनल, ४:४५ ला सेमीफायनल. सेमी आणि फायनल रेस टू ५ ठेवायची असेल तर प्रत्येकी २० मिनिटं जास्त धरा आणि फायनल ६:३० ला लावा. क्वार्टर आणि सेमीत हरलेल्यांची बक्षिसं सामना संपताच टेबलाशीच द्या. पाहुण्यांसाठी त्यांना आठपर्यंत थांबवलं तर धुळ्याची बस चुकते.