पुठ्ठ्याची पट्टी आणि कपड्यांचा चिमटा

इंदूरहून नाशिकला मोटारीने निघाले की सुमारे ४०० किलोमीटरच्या या प्रवासात मानपूर येण्याआधीच मुलांचे “अजून किती राहिले?” सुरू होते. त्यावर आमच्या घरी उपयोगी पडलेला उपाय असा.

१. जुन्या पुठ्ठ्याची हातभर लांब पट्टी कापून तिच्या कडेने मानपूर, खलघाट, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक ही नावे क्रमाने लिहावीत. खलघाटची नर्मदा, शिरपूरजवळची तापी आणि मालेगावची गिरणा निळ्या रेघेने दाखवावी.

२. कपडे वाळत घालण्याचा चिमटा ही आपली गाडी समजावी आणि गाव मागे पडले की मुलाने तो पुढे सरकवावा. मुले दोन असतील तर पट्ट्याही दोन कराव्यात.

३. प्रत्येक नदीच्या नावाने खाऊची किंवा कोड्याची एक पुडी बांधून ठेवावी व ती पूल ओलांडल्यावरच उघडावी.

४. सीमा ओलांडल्यावर पहिली मराठी पाटी कोण वाचतो, हे पाहावे. शाळेत हिंदी शिकणारी आमची मुले या क्षणाची फार आतुरतेने वाट पाहतात आणि मग धुळ्यापर्यंत प्रत्येक पाटी मोठ्याने वाचतात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

घाटात मात्र पट्टी बाजूला ठेवून भेंड्या खेळाव्यात, कारण वळणांवर मान खाली घालून वाचल्यास मुलांना मळमळते.