जुनी पद्मिनी मनासारखी बांधताय? कंटाळवाण्या कामांतल्या या चुका टाळा

अर्धवट पडलेल्या बहुतेक पद्मिनी रंगवलेल्या असतात. गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गाडी उभी असते, रंग चकचकीत, चाकं नवी, इंजिनही उघडून बसवलेलं. फक्त ब्रेकचे पाइप जोडायचे राहिलेले असतात, डॅशबोर्डखाली वायरींचं भेंडोळं लोंबत असतं आणि आरटीओचं काम ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून वर्षानुवर्षं लांबलेलं असतं. पैसे संपले म्हणून थांबलेल्या गाड्या मी कमी पाहिल्या. गंमतीची कामं आधी उरकली, कंटाळवाणी शेवटी ठेवली आणि तोवर उत्साह आटला, अशा गाड्याच जास्त.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तेव्हापासून या गाडीबद्दलचं प्रेम आणखी उफाळून आलंय आणि ‘पद्मिनी घेऊन मस्त बनवू’ म्हणणारेही वाढलेत. जरूर बनवा. १०८९ सीसीचं साधं इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. हाताने काम शिकायला यासारखी गाडी नाही. पण ज्या कामांना कुणी फोटो काढत नाही, तिथेच ती अडते. म्हणून त्या कामांविषयी.

कागद शेवटी बघू

ही पहिली चूक. गाडी खरेदी करण्याआधीच आरसी बुक हातात घ्या आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. नंबर जिथे ठोकलेला आहे त्या पत्र्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि प्रिंट काढून जपून ठेवा. मग डेंटरला ती जागा खडूने आखून दाखवा आणि सांगा, इथे ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही, पुट्टी नाही. हे सांगायचं राहून जातं. डेंटर बिचारा गंज दिसला की घासतो, पुट्टी भरतो, गुळगुळीत करतो. पुढे फेरनोंदणीच्या वेळी इन्स्पेक्टर पेन्सिल प्रिंट मागतो आणि पत्र्यावर नुसता रंग असतो. या एका गोष्टीपायी चांगली बांधलेली गाडी घराबाहेर काढता येत नाही.

दुसरं, काय बदलता येतं हे आधी समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. म्हणजे पद्मिनीत दुसऱ्याच कंपनीचं मोठं इंजिन टाकायचं स्वप्न असेल तर ते स्वप्न आरटीओच्या दारातच अडणार. आणि गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर आणखी जपा. २०२१ पासून अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले असतील तर ती मिळत नाही. छत कापायच्या आधी हा हिशेब करा. रंग बदललात तर तोही आरसीवर चढवून घ्यायचा असतो.

उघडताना घाई

गाडी उघडायला दोन दिवस पुरतात. बसवायला दोन वर्षं लागू शकतात आणि तोवर कुठला नट कुठला हे कुणाच्याही लक्षात राहत नाही. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर बॉलपेनने नाव. मार्करची शाई तेलाने पुसली जाते. सुटा करण्याआधी मोबाइलवर फोटो, तोही जवळून एक आणि लांबून एक. आणि जुना भाग कितीही सडलेला असो, नवा बसेपर्यंत फेकू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत नमुना हातात असला तर दुकानदार चार खोकी उघडून शोधून देतो. नुसतं तोंडी सांगितलं तर ‘मिळत नाही’ म्हणतो.

पत्रा: इथे वेळ द्या

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, दाराखालच्या पेट्या, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे गंज इथे शोभेचा प्रश्न उरत नाही. फ्लोअर, दाराखालच्या पेट्या, जॅक लावायची जागा, दारांचे तळ, पुढच्या काचेखालचा पत्रा आणि चाकांच्या कमानी, या जागा आधी तपासा. लोहचुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे आधीच्या मालकाने पुट्टीचा डोंगर भरलाय असं समजा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दाराखालची सडलेली पेटी सरळ कापून काढणं. पेटी गेली की गाडी मधोमध किंचित खाली बसते. डोळ्यांना दिसत नाही. नवी पेटी वेल्ड होते, सगळे खूश होतात आणि दार लावायला गेलं की लागत नाही. मग बिजागरी ठोका, दार वाकवा, लॉकची पट्टी सरकवा, असे आठवडे जातात आणि दार तरीही खडखडतंच. उपाय सोपा आहे. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरका लोखंडी अँगल टाके मारून बसवा, गाडी समतल आधारावर ठेवा, दोन्ही बाजू एकाच वेळी कापू नका. एक बाजू पूर्ण वेल्ड करा, दार लावून बघा, चौकटीतल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहा, मगच दुसरी. यात दोन दिवस जास्त जातात. जाऊ द्या.

वेल्डिंग शक्यतो सीओटूवर, म्हणजे सीओटू गॅसच्या आवरणात तारेने होणारं, करून घ्या. गॅस वेल्डिंगची उष्णता पातळ पत्रा लाटेसारखा वाकवते. सीओटूवरही सलग शिवण मारू देऊ नका. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, पत्रा गार होऊ द्या, मग मधले भरा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा आणि ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बसवला असेल तर त्याच्याही वायरी काढा. पेट्रोलची टाकी मात्र ‘रिकामी आहे’ म्हणून कधीही वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतल्या वाफेचाच स्फोट होतो. टाकीचंच काम करणारे कारागीर असतात, त्यांच्याकडे जा.

दारांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात. पुट्टी, रंग आणि खालून मारलेलं अंडरबॉडी कोटिंग या तिघांच्या नादात ती बुजतात. पावसाळ्यात काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी दारातच साचतं आणि नवं दार आतून सडायला लागतं. रंगकाम झाल्यावर प्रत्येक भोकात तार घालून बघा.

घासकाम

कंटाळ्याचा राजा हाच. पण रंगात पैसा जातो, दिसतं ते घासकाम. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर पत्रा अजून सरळ झालेला नाही, डेंटरला परत बोलवा. हाताच्या बोटांनी घासू नका, बोटांच्या रेषा उठतात. लाकडी किंवा रबरी ठोकळ्याला पेपर गुंडाळा. ८० नंबरच्या पेपरपासून सुरुवात करून १८०, ३२० असे टप्पे घ्या. टप्पा गाळला की आधीच्या पेपरचे ओरखडे रंग वाळल्यावर महिन्याभराने वर येतात. उघड्या पुट्टीवर पाणीपेपर मारू नका, पुट्टी पाणी पिते आणि पुढे रंगाखाली फोड येतात. पाणी वापरायचं ते प्रायमर चढल्यावर, ४०० किंवा ६०० च्या पेपरने. प्रायमरवर काळ्या स्प्रेचा हलका धुरळा मारून घासा, खळगा असेल तिथे काळं राहतं. आणि रंगाची तारीख जून ते सप्टेंबरमध्ये घेऊ नका. हवेतल्या दमटपणाने रंग पांढुरका पडतो.

एक वस्तू बदलली की चार बदलतात

मनासारखी गाडी बांधताना जो त्रास कुणी आधी सांगत नाही तो हा. पुढे डिस्क ब्रेक टाकायचे ठरवलं समजा. डिस्क बसवायला ब्रॅकेट लागतात. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, जुन्या चाकाच्या आत मावत नाही, म्हणून चाकं बदलतात. चाकं बदलली की टायर वळताना कमानीला घासतो. हे सगळं जमवून गाडी बाहेर काढली की दोन किलोमीटरवर पुढच्या डिस्क तापून वास सुटतो. बरेच जण कॅलिपरला दोष देतात. कारण अनेकदा मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागात असतं. जुन्या ड्रम ब्रेकसाठी केलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब कायम राखणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो चालतो, स्प्रिंग बुटं (ब्रेक शू) मागे ओढते. डिस्कला अशी स्प्रिंग नसते, पॅड चिकटलेलेच राहतात. डिस्कसाठीचा मास्टर सिलिंडर घ्या, शक्य असेल तर दोन सर्किटांचा. जुन्या एका सर्किटच्या सिलिंडरमध्ये एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो.

पाइपांसाठी साधी तांब्याची नळी वापरू नका. ती हादऱ्यांनी कडक होते आणि टोकाशी चिरते. स्टीलची किंवा ब्रेकसाठीच मिळणारी तांबं-निकेल मिश्रणाची घ्या, टोकं दुहेरी मोडून. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. हे रंगाआधी करा, कारण ब्रेक ऑइलचा थेंब पडला की रंग सुटून येतो.

पॅडलच बोलतं, फक्त ऐकायला शिका. स्पंजसारखं मऊ लागतंय, तर पाइपात हवा आहे. पहिल्या दाबाला खाली जातं आणि लगेच दुसऱ्याला वर, घट्ट येतं, तर मागच्या ड्रमची बुटं ढिली आहेत, ॲडजस्ट करा. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत जातंय आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचं रबर आतून गेलं.

वायरिंग

वायरमनला बोलावून ‘जुनीच ठेवा, फक्त चालू करून द्या’ असं सांगू नका. पन्नास वर्षांच्या वायरीचं आवरण हातात चुरा होतं. नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, करून घ्या आणि तो स्वतः बसून समजून घ्या. हिशेब अवघड नाही. ६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टवर १० अँपिअर. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून नेला की स्विच तापतो आणि दिवे पिवळे पडतात. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लावा, बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची वायर न्या आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवा. डायनॅमो काढून ऑल्टरनेटर टाकला तर चार्जिंगची मुख्य वायरही जाड हवी, जुनी तो प्रवाह पेलत नाही.

नव्या रंगाच्या गाड्यांत नव्वद टक्के भुताटकी अर्थिंगची असते, असं माझं मत आहे. पत्र्यावर प्रायमर आणि रंगाचे थर चढलेले असतात, अर्थचा स्क्रू त्यावरच आवळलेला असतो. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट लावला की हॉर्न बसतो. हेडलाइट चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं दिव्याच्या अर्थवर लावा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर तिथला रंग खरवडून उघडा पत्रा करा, स्क्रू घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. इंजिनपासून बॉडीला जाणारी जाड पट्टी विसरू नका. ती राहिली तर स्टार्टरचा प्रवाह ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

सीट बसवण्याआधी चालवा

बीडिंग, काचेची रबरं, दरवाजांची पॅडं ही शेवटची कामं वाटतात तेवढी छोटी नाहीत. गळती शोधायला एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने नळीने पाणी खालून वर मारत न्यावं. वरूनच मारलं तर गळती कुठून सुरू झाली ते कळत नाही. गालिचा आणि सीटकव्हर त्यानंतरच.

त्याआधी गाडी नुसत्या ड्रायव्हरच्या सीटवर मोकळ्या, खासगी जागेत हळू फिरवा. थांबलात की चारही चाकांच्या हबजवळ हात न्या. एकच चाक जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलं गेलंय. ब्रेक पाइपांचे सगळे सांधे टिशू पेपरने पुसून बघा, ओलावा लगेच दिसतो. इंजिन गार झालं की चाकांचे नट, स्टीअरिंगचे सांधे आणि मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत एकदा.