कॅनडात सरकारी नोकरी शोधताय? पूलमध्ये नाव आलं म्हणजे नोकरी लागली नाही

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीचा रात्री फोन आला, ताई माझं फेडरलमध्ये (केंद्र सरकारात) झालं, उद्या कंपनीत राजीनामा टाकते. म्हटलं थांब, आधी तो मेल मला वाचून दाखव. तिने वाचला आणि मला भीती होती तेच निघालं. पूलमध्ये, म्हणजे पात्र उमेदवारांच्या यादीत, नाव आलं होतं, नोकरी लागली नव्हती. त्या रात्री झोप लागली नाही मला, म्हणून हे लिहायला बसलेय.

मी 2014 ला ओंटारिओत आले. त्याआधी नाशिक जिल्ह्यात पाणीपुरवठ्याकडे 9 वर्षं कनिष्ठ अभियंता होते. आपल्याकडे एमपीएससीच्या यादीत नाव आलं की घरी पेढे येतात, डोक्यात तेच बसलेलं. 2015 मध्ये एका फेडरल खात्याची परीक्षा, मुलाखत सगळं पार पडलं आणि मेल आला की तुम्ही पात्र आहात, तुमचं नाव पात्र उमेदवारांच्या पूलमध्ये ठेवलंय. त्याच आठवड्यात एका खाजगी फर्मची ऑफर आली होती, वर्षाला 52 हजार डॉलर, आणि मी ती नाकारली. पूल म्हणजे नुसती यादी हो. जागा निघाली की मॅनेजर त्यातून त्याला हवा तो माणूस घेतो, बाकीचे तसेच राहतात आणि पूलची मुदत संपते. मला फोन आलाच नाही. दीड वर्ष गोदामात खोकी भरली मी. त्यात तेव्हा बाहेरून होणाऱ्या भरतीत पीआरच्या (कायम रहिवाशांच्या) आधी नागरिकांना प्राधान्य होतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. तो कायदा 2021 मध्ये बदलला, आता माजी सैनिकांनंतर नागरिक आणि पीआर सारखेच, त्यामुळे तुमची स्थिती माझ्यापेक्षा बरी आहे. पण लेटर ऑफ ऑफर हातात येऊन, त्यावर पद, पगार, रुजू व्हायची तारीख दिसल्याशिवाय आणि सिक्युरिटी क्लिअरन्स (तुमच्या पार्श्वभूमीची तपासणी) झाल्याशिवाय हातातली नोकरी सोडू नका. कोणी कितीही अभिनंदन करू दे.

आता अर्ज. इथे रेझ्युमेपेक्षा स्क्रीनिंगचे प्रश्न महत्त्वाचे. जाहिरातीत अत्यावश्यक म्हणून जे जे लिहिलंय त्या प्रत्येकावर प्रश्न असतो, आणि तपासणारा फक्त तुम्ही लिहिलेलं बघतो, स्वतःहून काही गृहीत धरत नाही. 'ठेकेदारांच्या कामावर देखरेखीचा अनुभव' या प्रश्नाला मी सुरुवातीला लिहायचे, होय, 9 वर्षं, रेझ्युमे पाहावा. असे 14 अर्ज बाद झाले. मग ऑफिसात अशा अर्जांची छाननी केलेल्या एका बाईंनी शेजारी बसवून लिहून घेतलं: 2009 ते 2012, सिन्नर तालुका, 6 गावांची नळपाणी योजना, मी स्वतः आठवड्यातून दोनदा साइटवर जाऊन पाइपची खोली मोजायचे, मोजमाप पुस्तकात नोंदवायचे, एका ठेकेदाराने खोली कमी ठेवली तर काम थांबवून चर परत खोदायला लावला. कधी, कुठे, काय केलं, निकाल काय. लांब होईल, होऊ दे.

आणि 'आम्ही' सोडा. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की मी मी करू नये, त्यामुळे मुलाखतीतही आपण आम्ही योजना पूर्ण केली म्हणतो, आणि समोर बसलेल्याला गुण द्यायचे असतात ते तुमच्या एकट्याच्या कामाला. यात गर्व नाही, त्याला कागदावर लिहायला काहीतरी हवं असतं एवढंच.

फ्रेंच: राजधानी ओटावात रहायचं असेल तर शिकाच, पीआर असताना सरकारी मदतीचे क्लास फुकट मिळू शकतात, सिटिझनशिप घेतली की ते बंद.

पण सगळी आशा फेडरलवर ठेवू नका. मार्च 2024 ला तिथे साधारण 3 लाख 68 हजार लोक होते, मार्च 2025 ला 3 लाख 58 हजार. कपात चालू आहे. आपली मंडळी मात्र सरकारी म्हटलं की ओटावाच बघतात, आणि दारातली महानगरपालिका, पील रीजन (टोरंटोशेजारची स्थानिक संस्था), शाळांचे बोर्ड, प्रांतिक सरकार यांच्या जाहिराती उघडतसुद्धा नाहीत. मला अखेर काम मिळालं ते पाण्यातच. 2000 साली इथल्या वॉकर्टन गावात पिण्याच्या पाण्यात ई-कोलाय आला, 7 माणसं दगावली, दोन हजारांवर आजारी पडली. त्यानंतर ओंटारिओने पाण्याचे नियम फार कडक केले. पिण्याच्या पाण्याच्या प्लांटवर काम करायला सर्टिफिकेट लागतं. सुरुवात ऑपरेटर-इन-ट्रेनिंगच्या परीक्षेपासून, त्याला बारावी पास पुरते. मी इंजिनिअर असून ऑपरेटर का होऊ, असं भिशीत कोणीतरी म्हणालंच. मला वाईट वाटलं, पण 2018 मध्ये प्लांटवर पहिल्या दिवशी क्लोरीनची रीडिंग घेताना हात थरथरत होते ते आनंदाने. घरी जाऊन आईला फोन केला, म्हटलं परत पाण्यावर आले. ओंटारिओत इंजिनिअरचं लायसन्स देणाऱ्या पीईओ या संस्थेने 2023 मध्ये लायसन्ससाठी कॅनडियन अनुभवाची अट काढली, तेव्हा तो रस्ताही समांतर चालू ठेवा. लायसन्स हातात येईपर्यंत मात्र स्वतःला इथे इंजिनिअर म्हणवून घेऊ नका.

रेझ्युमेवर फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, वडिलांचं नाव, काही नको. अनुभव फुगवून सांगा म्हणणारे आपलेच लोक भेटतील, ऐकू नका, रेफरन्सला फोन जातो. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. मार्गदर्शक हवा असेल तर टोरंटोत ट्रीएक ही संस्था नवीन आलेल्यांना फुकट जोडून देते.

आणि निघायच्या आधीच एक काम करा. क्लिअरन्स रिलायबिलिटी पातळीचा असेल तर मागची 5 वर्षं, त्यावरच्या सीक्रेट पातळीचा असेल तर 10 वर्षं तपासतात. कुठल्या पत्त्यावर कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत राहिलात, कुठे नोकरी केली, साहेबांचा चालू नंबर आणि मेल, सगळं एका वहीत. मला नाशिकच्या भाड्याच्या खोलीच्या तारखा आठवेनात, घरमालक वारले होते, त्यांच्या सुनेने जुनी भाडेपावती शोधून व्हॉट्सअॅपवर पाठवली तेव्हा फॉर्म पुढे गेला.