दवाखान्यात बीपी-शुगर तपासताना या चुका टाळा

सोलापुरात नवा दवाखाना निघाला की लगेच मोफत शिबिराचा फलक लागतो. शुगर तपासायची, फोटो काढायचे. ज्याची वाढलेली निघाली त्याचा फोन नंबरसुद्धा कुणी लिहून घेत नाही. लपलेला आजार सापडतो तो रोजच्या ओपीडीत, सर्दी-खोकल्याला आलेल्या माणसात.

सगळ्यात राग येतो घाईत घेतलेल्या बीपीचा. पॉवरलूमवरचा एक कामगार रात्रपाळी संपवून, चहा पिऊन, तोंडात तंबाखू धरून एका दवाखान्याचे दोन जिने चढला. डॉक्टरांनी शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. १६८/१०२. लगेच दोन गोळ्या चालू. मे महिन्यात, लूमच्या उकाड्यात, त्याला चक्कर आली आणि तो मागाशेजारीच पडला. माझ्याकडे वेगवेगळ्या दिवशी बसवून मोजलं तर बीपी १३०/८२ च्या आसपास. गोळ्या बंद केल्या, पण धसका राहिला. त्याची बायको आजही पट्टा बांधू देत नाही, आणि तिची आई लकव्याने गेलेली आहे!

माझ्याकडे पेशंट आधी पाच मिनिटं बाकावर बसतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि छातीच्या पातळीत, बोलणं बंद. अर्ध्या तासात चहा-तंबाखू झाली असेल तर थांबवतो. जाड दंडाला मोठा पट्टा, कारण लहान पट्टा आकडा फुगवतो. १४०/९० च्या वर आलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो. फारच चढलेलं असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर गोष्ट वेगळी. गर्दीत एवढा वेळ कुठला, असं नवे डॉक्टर म्हणतात. पट्टा कंपाउंडरला बांधायला शिकवा, वेळ निघतो.

दुसरी चूक म्हणजे सोबत आलेल्या माणसाकडे न बघणं. सोलापूरच्या पूर्वभागातली विडी वळणारी आजी नातवाचा ताप घेऊन येते, औषध घेऊन जाते. तिचं तोंड कुणी बघतच नाही. “तंबाखू खाता का?” विचारलं तर ती नाही म्हणते, “आजी, मिश्री लावता का?” असं विचारा. मग टॉर्च मारून गालाच्या आत आणि जिभेखाली बघा. पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठी द्या.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा विषय तर संकोचाने कुणी काढतच नाही. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल २००९ मध्ये आला. ३० ते ५९ वयाच्या बायकांची एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे घराजवळचं उदाहरण मी प्रत्येकीला सांगतो, आणि तपासणी कुठे होते तेही केसपेपरवर लिहून देतो.

सरसकट ‘फुल बॉडी चेकअप’ लिहून देऊ नका.

गरोदरपणात शुगर वाढलेली बाई बाळंतपणानंतर विसरू नका. ६ ते १२ आठवड्यांत तिची शुगर पुन्हा बघा, पुढेही बघत राहा.

आणि वही ठेवा. नाव, नंबर, पुढची तारीख. शनिवारी दुपारी आमची रिसेप्शनवरची मुलगी न आलेल्यांना फोन लावते, पूर्वभागातल्या बऱ्याच घरी तेलुगूतून.