मठाच्या दप्तरातील सनांचा घोळ मी कसा निस्तरला

एका मठातील मोडी कागदांची यादी संगणकावर घेताना आधीच्या मदतनिसांनी शक, फसली आणि सुहूर या तीन जुन्या कालगणनांचे आकडे 'वर्ष' या एकाच रकान्यात भरले होते. त्यामुळे शके १६८२ ची सनद, फसली ११७० चा हिशेब आणि सुहूर ११६१ चे ताकीदपत्र हे एकाच सुमाराचे कागद यादीत पाचशे वर्षांच्या अंतराने दिसत.

मी मूळ नोंद जशीच्या तशी ठेवून कालगणना आणि इसवी सन असे दोन रकाने वाढवले. शकात ७८, फसलीत ५९० आणि सुहूरमध्ये ५९९ मिळवले की इसवी सन येतो. मात्र शकाचे वर्ष चैत्रात, तर उरलेल्या दोहोंचे मृग नक्षत्रात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होत असल्याने जानेवारीपासून ते वर्ष संपेपर्यंतच्या महिन्यांसाठी आणखी एक मिळवावा लागतो. महिना नसलेल्या कागदाला मी '१७६०-६१' असे जोडवर्षच दिले. सर्वाधिक वेळ 'इहिदे सितैन मया व अलफ' (म्हणजे सुहूर ११६१) अशा अरबी शब्दांत लिहिलेल्या अक्षरी सनांनी खाल्ला. त्यात एकक आधी आणि सहस्र शेवटी येते, हे उमगेपर्यंत मी बरेच रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) चुकीचे लावले होते. आता पुजारी आणि अभ्यासक एकच यादी वापरतात.